पदरावरचे राघू

ऊन उतरायच्या आत बकुळा दोरीवरचे कपडे काढायची आणि काढता काढता, भिंतीपलीकडे जाईल अशा आवाजात म्हणायची, "चोरांचा काय नेम नाय." खरवई गावात चहूबाजूंनी इमारती उठल्या, गेटागेटावर वॉचमन बसले, पण बकुळेचं हे वाक्य एक दिवस चुकलं नाही. आयुष्यात मोठं खोटं ती एकदाच बोलली होती, आणि ते असं की त्याला रोज पाणी घालावं लागे.

भिंतीपलीकडे तिची थोरली जाऊ विठा राहायची. चौतीस वर्षांपूर्वी विठा माहेरी गेली असताना बकुळेनं तिच्या पेटीतली राघूंच्या पदराची लग्नाची साडी काढली, नेसली आणि अंबरनाथला शिवरात्रीच्या जत्रेला गेली. आकाशपाळण्यात पदर अडकून टर्रकन फाटला. साडी तिनं न्हाणीच्या चुलीत घातली आणि विठा आल्यावर सांगितलं, ऊन दाखवायला दोरीवर टाकली होती, चोरानं नेली. तेव्हापासून दर शिवरात्रीला विठा म्हणायची, "त्याच्या हाताला किडे पडोत," आणि बकुळा हळूच हात पदराखाली घ्यायची.

पुढे दोघींचे नवरे गेले, पोरं कामाला लागली. दिवसभर बोलायला एकीला दुसरी, तिसरं कोणी उरलं नाही.

अशात एका संध्याकाळी बकुळेचा मुलगा संतोष दारातूनच ओरडत आला. "आये, अंबरनाथला प्रदर्शनात तुझा फोटो लागलाय. माणसाएवढा. खाली नावपण आहे."

अंबरनाथ पश्चिमेचे श्यामकांत कॅमेरा घेऊन एकतीस देश हिंडले होते. आता पंचाहत्तरीला त्यांच्या आयुष्यभराच्या फोटोंचं प्रदर्शन भरलं होतं आणि त्यातला एक जुना, नाव विचारून काढलेला फोटो त्या जत्रेतला होता: पाळण्यात तोंडभर हसणारी बकुळा, मागे उडालेला पदर. संतोषच्या मोबाइलवर तिनं तो पाहिला. काळापांढरा असल्यानं रंग कळत नव्हता, एवढीच देवाची दया. पदरावरचा राघू न् राघू मात्र चोचीसकट दिसत होता.

"मीपण येते," भिंतीपलीकडून विठा म्हणाली. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. "नव्या डोळ्यांनी कायतरी बघू दे."

रविवारी संतोष विठाला दुपारी आणणार होता. बकुळा सकाळीच रिक्षानं पुढं गेली आणि फोटोला पाठ लावून उभी राहिली. तरी फोटोतला पदर तिच्या खांद्यावरून वर उरतच होता. तिथं तिनं उन्हाची छत्री उघडली.

"आजी, आत कशाला छत्री?" एका मुलीनं विचारलं.

"दिवा डोळ्यावर येतो."

श्यामकांतांच्या पत्नी माई खुर्ची घेऊन आल्या. "बसा हो, पाय दुखतील."

"बसले तर दिसंल."

"काय दिसेल?"

"काय नाय."

श्यामकांत एका बातमीदाराला सांगत होते, "तीन तास झाले, त्या हलायला तयार नाहीत. एकतीस देशांत मला असा प्रेक्षक मिळाला नाही."

"पण सर, त्या फोटोकडे बघतच नाहीयेत."

"बघवत नसेल हो त्यांना," श्यामकांत चष्मा पुसत म्हणाले.

दुपारी विठा आली. बर्फातल्या एका बाईच्या फोटोपाशी ती बराच वेळ थबकली. "एवढे कपडे घातलेत हिनं, वाळवते कुठं?" असं संतोषला विचारून ती पुढे सरकली आणि बकुळेसमोर उभी राहिली.

"छत्री मीट."

"मोडलीय बाय. मिटत नाय."

विठानं तिच्या हातातून छत्री घेतली, मिटली, आणि भाताचं पोतं सरकवावं तसं बकुळेला बाजूला केलं. मग ती नुसती बघत राहिली.

"राघू माझे हायेत."

बकुळेनं सगळं सांगून टाकलं. पाळणा, चूल, धूर. "शिव्या द्यायच्या त्या इथंच दे. घरी जाऊन अबोला नको धरू."

"चौतीस वरसं शिव्याच देतेय," विठा म्हणाली. "त्या चोराला. कोण बिचारा असंल."

"कोणी नव्हताच, बाय."

"तेच. सगळ्या फुकट गेल्या."

ती काचेच्या आणखी जवळ गेली. "मी एकदाच नेसले ती. मांडवात, रडत. हसताना ती अशी दिसते, ते मला ठाऊकच नाय."

विठा जागची हलेना. मागे श्यामकांत कुणा पाहुण्यांना घेऊन ताटकळले होते. बकुळेनं तिच्या कोपराला हात लावला.

"सरक जरा, मागच्यांना दिसू दे."