'येतो' न म्हणता दाबलेला ब्रेक

तंजावूरच्या आसपास डोंगर नाही. तरीही माझ्या बायकोने डोंगरात चालवायची सायकल घेतली.

मालती शाळेत खेळ शिकवायची आणि मी कॉलेजात इतिहास. ती पळायची, मी तिची पाण्याची बाटली धरून उभा राहायचो, असा एकंदर आमचा संसार. पन्नाशी उलटल्यावर ती ही जाड टायरांची सायकल घेऊन आली, तेव्हा मी एवढंच विचारलं, "डोंगर कुठाय?" ती म्हणाली, "पूल आहेत की." ते खरं होतं. तिरुवैयारुच्या रस्त्यावर एकामागून एक नद्या आडव्या येतात आणि प्रत्येक पुलाला थोडा चढ आहे. तेवढ्या चढावर ती समाधानी होती.

तीन महिन्यांपूर्वी ती गेली. अजूनही कुणी ना कुणी दुखवट्याला येतच होतं. सायकल हॉलमध्ये दाराजवळच राहिली.

एका सोमवारी बंगळूरहून मुलीचा, रेवतीचा फोन आला. "अप्पा, सायकल नुसती ठेवली तर गंजेल. अम्माच्या शाळेला देऊ या. मुली चालवतील."

"मी चालवीन," मी म्हणालो.

"तुम्ही?"

"लहानपणी चालवायचो."

"मग असं करू. मी रविवारी येते. सायकलवरून तिरुवैयारुला जाऊन दाखवा. गेलात तर सायकल घरात, नाहीतर शाळेत. सरी?"

"सरी," मी कबूल केलं. तिचं म्हणणं रास्त होतं, हीच अडचण होती.

फोन ठेवून मी सायकलचा मागचा ब्रेक दाबून पाहिला. पिकलेल्या केळ्यात बोट जावं तसा हँडलवरचा दांडा सरळ मुठीला जाऊन टेकला. ब्रेक नावाची काही गोष्ट त्या चाकाशी उरलीच नव्हती.

हा बिघाड मीच केला होता, पण ते कळायला दोन दिवस लागले. आमच्या लहानपणी सायकल पुसायची म्हणजे ती उलटी करून सीटवर आणि हँडलवर उभी करायची. मालती गेल्यावर मीही तसंच केलं आणि तीन आठवडे ती तशीच ठेवली. (रोज सकाळी मागचं चाक हाताने फिरवायचो. का, ते विचारू नका.) जुन्या सायकलींना त्याचं काही वाटायचं नाही. हिच्या ब्रेकमध्ये मात्र तारेऐवजी बारीक नळी, आणि नळीत तेल. सायकल उलटी ठेवली की दांड्याजवळच्या छोट्या टाकीतली हवा नळीत शिरते. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. त्यामुळे माझा सगळा जोर त्या हवेतच जिरत होता.

कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या मुरुगेसनकडे सायकल नेली. त्याने ती चारी बाजूंनी पाहिली.

"सार, ब्रेकची तार कुठाय?"

"तार नाही. तेल आहे."

"तेल दिव्यात घालतात, सार," तो हळूच म्हणाला. मग मला काहीच मदत झाली नाही असं वाटू नये म्हणून त्याने दोन्ही चाकांत हवा भरून दिली. हवा आधीच जास्त झाली होती, हे मला त्याला सांगवलं नाही.

घरी अक्का होती. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. राहते मागच्या गल्लीत, पण मालती गेल्यापासून सकाळी सातला आमच्या झोपाळ्यावर येऊन बसते आणि माझ्या दुःखाची व्यवस्था पाहते. "कसाला रे ही कटकट, शामू?" ती म्हणाली. "देऊन टाक मेली ती. तुला साधं दार लावता येत नाही."

मी मालतीची हत्यारांची पेटी उघडली. तेलाची बाटली होती, दांड्यावर बसवायचं पेल्यासारखं नरसाळं होतं, आणि एक पिवळा प्लास्टिकचा तुकडा होता. इंटरनेटवरून सूचना उतरवून छापून घेतल्या, तीनदा वाचल्या आणि पेन्सिलीने खुणा केल्या. पिवळ्या तुकड्याचं काय करायचं ते पहिल्या दोन वाचनांत कळलं नाही. तेवढ्यात अक्काने तो कॉफीच्या स्टुलाच्या पायाखाली सरकवला, आणि ते स्टूल चार वर्षांत पहिल्यांदाच स्थिर उभं राहिलं.

इंजेक्शनची सिरिंज मात्र पेटीत नव्हती. नळीत तेल भरायला ती लागते. मी औषधाच्या दुकानात गेलो. मालतीच्या आजारपणात सहा महिने मी तिथे रोज जायचो. दुकानदाराने मला पाहिलं आणि हातातलं काम ठेवलं.

"मोठी सिरिंज हवी. सुई नको."

"कोणासाठी, सार?" त्याने जपून विचारलं.

"सायकलसाठी."

मग त्याने सिरिंज दिली, न मागता कापूस दिला आणि म्हणाला, "सार, जरा झोपत जा."

बुधवारी काम सुरू केलं. सूचनांप्रमाणे मागचं चाक काढलं, आतली दोन ब्रेकपॅड काढली. पुढची ओळ होती: मोकळ्या जागेत पिवळा तुकडा बसवावा.

"अक्का, तो तुकडा दे."

"स्टूल हलतं रे."

"ब्रेकला हवा आहे."

"चार वर्षं हलत होतं स्टूल. तेव्हा कुठे होता तुझा ब्रेक?"

मी आत गेलो आणि माझ्या प्रबंधाच्या एका प्रतीचा पुठ्ठा कापून आणला. (प्रबंध इथल्या जुन्या कालव्यांवर आहे. कुठलं पाणी कुठून कुठे जातं, हे त्यात फार सविस्तर सांगितलं आहे. कुणाला त्याचा उपयोग झाल्याचं हे पहिलंच उदाहरण.)

पुठ्ठा चपखल बसला. खालून सिरिंजने तेल ढकललं की वर पेल्यात बुडबुडे येत. आधी मोठे, मग मोहरीएवढे, मग एकही नाही. दोन तास गेले. दांडा दाबला तर दगडासारखा घट्ट. कुणाला तरी सांगावं म्हणून मी वळलो. अक्का झोपाळ्यावर घोरत होती. मी पुठ्ठा काढला, पॅड परत बसवली, आणि कंबर धरल्यामुळे चाक दुसऱ्या दिवसावर टाकलं.

गुरुवारी सकाळी चाक बसवायला गेलो तर ते बसेना. चाकाची चकती ज्या दोन पॅडच्या मधून जाते, ती दोन्ही रात्रीत एकमेकांना चिकटून बसलेली. मी स्क्रूड्रायव्हरने ती हलकेच दूर केली, हात धुऊन दोन घास खाल्ले, परत आलो. पुन्हा चिकटलेली. तेल जास्त झालं असेल म्हणून थोडं काढलं. दांडा पुन्हा केळ्यासारखा झाला. परत भरलं, परत बुडबुडे काढले, पॅड दूर केली, तोंड धुऊन आलो. चिकटलेली! संध्याकाळपर्यंत हे चार वेळा झालं. शेवटी मला वाटू लागलं की मी सायकलवर बसणं मालतीलाच पसंत नसावं, आणि तिचं चूक आहे असंही मला म्हणवेना.

शुक्रवारी मी पुस्तक घेऊन सायकलीसमोर बसूनच राहिलो. दहाच्या सुमाराला जुन्या ओळखीचे गोविंदराव आणि त्यांची बायको दुखवट्याला आली. ती दोघं गावाला होती, त्यांना उशिरा कळलं. उशिरा कळलेली माणसं जास्त वेळ बसतात.

"फार वाईट झालं," गोविंदराव म्हणाले.

"हो."

"पळायच्या किती."

"हो."

"आणि बघा," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. न पळता मी अजून आहे, हे त्यांना बोलायचं नव्हतं.

मग ती दोघं उठली. दुखवट्याच्या घरून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं. अशा कारणाने परत यायची वेळ कुणावर येऊ नये. त्यामुळे माणूस मुकाट्याने उठतो, दारापर्यंत जातो, आणि तिथे त्याला काहीतरी करावंसं वाटतं. दारात मालतीची सायकल होती. गोविंदरावांनी हँडलवर हात ठेवला, मान खाली घातली, आणि ब्रेकचा दांडा हळूच, अगदी मनापासून दाबला. त्यांच्या बायकोनेही दाबला. आत पॅड एकमेकांना भेटली. ती दोघं गेली.

चाक नसताना दांडा दाबला की पॅड मिटतात, एवढी साधी गोष्ट! बुधवार संध्याकाळपासून माझ्याकडे नऊ माणसं येऊन गेली होती. त्यांपैकी प्रत्येक जण मालतीचा निरोप घेऊन गेला होता, आणि मी आत तोंड धूत होतो.

पण दुखवट्याला आलेल्या माणसाला 'हात लावू नका' कसं म्हणायचं? सायकल आत उचलून न्यायला कंबर तयार नव्हती. माणसं समोर बसलेली असताना हातात चाक घेणं बरं दिसत नव्हतं, आणि एक उठेपर्यंत दुसरं येत होतं. मी एका कागदावर सुवाच्य अक्षरात 'कृपया हात लावू नये' असं लिहून तो हँडलवर चिकटवला.

घरात आम्ही मराठी बोलतो, म्हणून मराठीत लिहिलं. आमच्या गावच्या मराठी माणसांना देवनागरी वाचता येत नाही, हे मी आयुष्यभर पाहत आलो आहे. त्या क्षणी ते आठवलं नाही.

पुढचे पाहुणे कागदापाशी थांबले. "श्लोक आहे का, अक्का?"

"असेल," अक्का म्हणाली. तिलाही वाचता येत नाही. "तो लिहितो काहीबाही."

त्यांनी कागदाला नमस्कार केला आणि दांडा दोन्ही हातांनी दाबला.

मग मी तोच मजकूर तमिळमध्ये लिहिला. तो अक्काने पाहिला आणि फाडून टाकला. "लोक सांत्वनाला येतात. त्यांना पाटी दाखवतोस?"

शनिवारी मी दारातच उभा राहिलो. जो उठून येईल त्याचा हात सायकलकडे जायच्या आत त्यात माझा हात द्यायचा. उपाय लागू पडला. माणसांना काहीतरी धरायला हवं होतं. ती माझा हात दाबत, काही न बोलता जात. दुपारपर्यंत बोटं सुजली, पण दुपारी कुणी आलं नाही आणि चाक बसलं. ब्रेक उत्तम लागत होता.

रविवारी सकाळी मी निघालो. मागून स्कूटरवर रेवती. पहिल्या पुलाचा चढ मी सायकल ढकलत चढलो, मग बसलो. उतार आला.

"अप्पा, ब्रेक!"

"आहे!"

"मग दाबा की!"

मी दोन्ही पाय रस्त्याला लावले आणि घासत, थांबत थांबत खाली आलो. दुसऱ्या पुलावर तेच. तिसऱ्यावर एक म्हातारा शेळ्या थांबवून बघत राहिला. तिरुवैयारुला नदीकाठी पोचलो तेव्हा रेवतीने स्कूटर लावली आणि माझ्या पायांकडे पाहिलं.

"ब्रेक लागत नाही?"

"लागतो."

"मग का नाही दाबलात?"

"बुधवारी पॅड काढली होती," मी म्हणालो. "ती निम्मी झिजली आहेत. ती झीज तिची आहे. त्यात माझी नको."

रेवती नाक पुसून म्हणाली, "सायकल घरात राहू दे, अप्पा. पण तुम्ही तिच्यावर बसायचं नाही." आम्ही सायकल टेम्पोत घालून परत आणली. सायकल चालवली तरच घरात राहील, अशी अट होती. आता ती चालवली नाही तरच घरात राहणार आहे.

सोमवारी चपला घ्यायला गेलो. दुकानातल्या माणसाने माझ्या जुन्या चपला हातात घेतल्या, उलट्या करून पाहिल्या. टाचेच्या जागी भोक होतं.

"सार फार चालतात वाटतं," तो कौतुकाने म्हणाला.

"नाही," मी म्हणालो. "सायकल चालवतो."