सोयगावचे पाहुणे आणि आमची सबुरी

आमच्या घरात सबुरी हा शब्द सगळ्यांना येतो, सबुरी कुणालाच येत नाही.

आमचे हे तो शब्द काम टाळायला वापरतात. पंखा दुरुस्त करा म्हटलं की, "सबुरीनं घे." आमची लेक मेघा स्वयंपाकघरात बोलावलं की म्हणते, "आई, सबुरी." आणि मी तो शब्द ओरडून वापरते. मागच्या वेळी मेघाला बघायला पाहुणे आले, तेव्हा मी यांच्यावर अशी ओरडले (कारण किरकोळ होतं, हे पाहुण्यांच्या आधी पोहे खायला बसले होते) की त्या स्थळाचा पुन्हा फोनच आला नाही.

म्हणून सोयगावचं स्थळ येण्याआधी नणंदबाईंनी बजावलं, "वहिनी, त्यांना शांत घर पायजे. काय बी झालं तरी सबुरी सोडायची नाय." मुलगा मेघाला फोटोतच आवडला होता. मी घरात हुकूम काढला: जागचं हलायचं नाही, आवाज चढवायचा नाही, हसत राहायचं.

पाहुणे बसले. मुलाची आई म्हणाली, "घर लई शांत आहे तुमचं." मी हसले. तेवढ्यात शेजारणीनं रस्त्यावरून हाक दिली, "पाणी आलं होऽ!"

आमच्या पुंडलिकनगरात आठवड्यानं येणारं पाणी, तेही उद्या यायचं होतं. अंगणातला नळ उघडाच होता, तो धो धो वाहू लागला. हौद कोरडा. एरवी या हाकेला मी हातातल्या लाटण्यासकट धावते. आज मी यांच्याकडं बघितलं, यांनी माझ्याकडं. दोघंही हसलो.

"पाणी आलं म्हणतात," मुलाची आई म्हणाली.

"येऊ द्या," हे म्हणाले.

"वाहून चाललंय की."

"सबुरीनं. चहा घ्या ना," मी म्हणाले.

"अहो, हौद भरायचा नाय का?"

"भरेल की," हे म्हणाले. कसा, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

मेघानं डोळ्यांनी विचारलं, उठू का? मी डोळे वटारले (हसतच).

शेवटी मुलाच्या आईंनाच राहवेना. "आमच्याकडं टँकर आला की पंगतीतून माणसं उठतात," म्हणत त्यांनी पदर खोचला आणि त्या अंगणात गेल्या. आता पाहुण्यांनी पाणी भरायचं आणि आपण बसायचं? की उठलं तर स्थळ जाणार? मला काहीच कळेना. मेघानं चहाचा ट्रे माझ्या मांडीवर ठेवला आणि ती पळाली. "बाबा, मोटार लावा! नुसते बसलात काय?" हे धावले. मुलगा बाह्या सरसावून बादल्या उचलू लागला. बाहेर आरडाओरडा, हसणं, शिंतोडे. आत एकटी मी, चेहऱ्यावर हसू, मांडीवर ट्रे. हलले असते तर चहा सांडला असता.

दुसऱ्या दिवशी नणंदबाईंचा फोन आला. "पोरगी पसंत आहे. पाण्याला धावली ना, तिथंच ठरलं त्यांचं. दादा बी कामाचा वाटला त्यांना."

"आणि मी?"

नणंदबाई घुटमळल्या. "वहिनी, राग नका येऊ देऊ. त्या विचारत होत्या, पोरीची आई लईच थंड दिसते, लग्नाच्या धावपळीला दुसरं कुणी आहे का?"

यावर मी जे काही ओरडले, ते ऐकून हे आतून म्हणाले, "सबुरीनं घे."