कोपऱ्याच्या पुढे गेलेली रेघ

बाळांनो, तुमच्या स्वयंपाकघराची भिंत कापून दार काढायला माणूस मशीन घेऊन आला, असं तुम्ही परवा फोनवर सांगितलंत. ते ऐकून कोरेगावकडची एक केस आठवली. ती लिहून ठेवते आहे. नावं मात्र सांगणार नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं आणि मी तिथल्या पोलीस ठाण्यात फौजदार होते. एका सोमवारी सकाळी गावच्या सहकारी सोसायटीच्या गोदामपालाने फिर्याद दिली. मागच्या काँक्रीटच्या भिंतीला माणूस वाकून जाईल एवढं चौकोनी भगदाड कापून साखरेची पोती नेली होती. छिन्नीचे घाव नव्हते. कड सुरीने कापल्यासारखी सरळ. शेजारी पिठाची गिरणी, त्यामुळे रविवारी कुणाला आवाजाचा संशय आला नाही. मी बाहेरून मापं घेतली आणि पंचनामा उरकला.

दुपारी खबर मिळाली की भिंत असं कापणारं मशीन या भागात एकाकडेच आहे. रहिमतपूरचा एक हवालदार लष्करातून निवृत्त होऊन लोकांच्या भिंतींत खिडक्या-दारं कापून देत असे. मशीनच्या पात्यावर सिमेंटची ताजी भुकटी सापडली. त्याला ठाण्यात आणलं.

"रविवारी मशीन कुठं होतं?"

"माझ्याकडं न्हवतं, बाईसाहेब."

"कुणाला दिलं होतं?"

 चार तास गेले, चहा निवला, पण नाव येईना. गप्प बसणारा माणूस दोषी, अशी माझी तेव्हाची समजूत.

"कोठडीत टाकायच्या आधी इचार करा," आमचे जमादार म्हणाले. "सकाळपातूर भिंतीला दार पाडंल गडी."

हवालदार हसला नाही. "चोरीचा शिक्का बसल्यावर कोण मला भिंतीजवळ उभं करंल?" एवढंच म्हणाला. तरीही नाव सांगेना.

अटक दाखवण्याआधी त्याला गोदामावर नेलं. बाहेरून कड पाहून त्याने मान हलवली. मग वाकून आत गेला, वळून भिंतीकडे पाहिलं आणि तिथेच थांबला.

"हे माझं काम न्हाई."

भगदाडाच्या चारही कोपऱ्यांपासून कापाच्या रेघा वीतभर पुढे गेल्या होत्या. बाहेर त्यांचा मागमूस नव्हता.

"पातं गोल असतंय," तो म्हणाला. "आरपार कापायला गेलं की मशीन लावलेल्या बाजूला रेघ पुढं पळती. त्यातनं भिंत चिरती. म्हणून मी कोपऱ्याच्या अलीकडं थांबतो, ऱ्हायलेलं छिन्नीनं काढतो. हे कुणा नवशिक्यानं..."

आपण काय बोललो ते त्याला उमगलं. मशीन आत लावलं होतं, आणि दाराचं कुलूप शाबूत होतं. किल्ली फक्त गोदामपालाकडे.

"गोदामपाल तुझा कोण लागतो?" मी विचारलं.

त्याने टॉवेलने तोंड पुसलं. मग म्हणाला, "दाजी. धाकटीचा नवरा. घरात फरशी बसवायची म्हून मशीन नेलं हुतं. तिचा संसार मोडंल, बाईसाहेब."

त्याने चोरीचा आळ सोसला असता. कोपरा बिघडवल्याचा त्याला सोसला नाही. गोदामपालाने तासाभरात कबुली दिली, पोतीही मिळाली. बहीण मात्र पुढे कितीतरी दिवस भावाशी बोलली नाही. तरी तो तिच्या घरी धान्य पोचवत राहिला.

भिंत दोन्ही बाजूंनी पाहावी, हे मी शिकले. आणि माणूस गप्प बसला तर कुणासाठी बसला आहे, हे आधी विचारावं, हेही.

बदलीपूर्वी मी त्याच्याकडून ठाण्यातल्या बायकांच्या खोलीला खिडकी कापून घेतली. तिथे वाराच येत नसे. गेल्या वर्षी पाहून आले. खिडकी आहे आणि एकाही कोपऱ्याला चीर नाही.