अज्ञात व्यक्तींचे सदरे

व्हर्लीन ब्रॅस्वेलचं पार्लर कोर्टामागच्या गल्लीत होतं. आमच्या काळ्यांच्या चर्चमधल्या निम्म्या बायकांची डोकी तिच्या हाताखालून गेलेली, माझंही. हात हलका, जीभ मात्र धारदार. कुणी केस ओढल्याची तक्रार केली की म्हणायची, "दुखतंय ना? मग जिवंत आहेस. गप बस."

तिच्या आजीचा भाऊ होझिया. एका गोऱ्या शेतकऱ्यानं त्याच्या खेचरावर हक्क सांगितला, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "साहेब, खेचर माझं आहे." त्याला उलट बोलला म्हणून कोठडीत टाकलं. रात्री शेरीफनं किल्ल्या जमावाच्या हातात दिल्या आणि स्वतः जेवायला गेला. होझियाला कोर्टासमोरच्या ओकच्या झाडाला फाशी दिलं. लोक पोराबाळांना खांद्यावर घेऊन बघायला आले होते. अलाबामातल्या आमच्या त्या गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि शंभर वर्षं कुणी चकार शब्द काढला नव्हता.

मग आमच्या रेव्हरंड क्वार्ल्सनी होझियाच्या नावानं फलक लावायचं मनावर घेतलं. काळे-गोरे मिळून समिती झाली. अध्यक्ष प्रेंटिस हॅरग्रेव्ह, गोरा वकील, बोलायला मऊ. कोर्टामागच्या सगळ्या दुकानांचा मालकही तोच. ओक कधीच तोडला होता, तिथं गाड्या लागतात. आम्ही डांबर फोडून खालची माती होझियाची आठवण म्हणून काचेच्या बरणीत भरली. व्हर्लीननं फावडं घेतलं नाही. गुडघे टेकून हातानंच उकरली.

कोर्टापुढच्या हिरवळीवर लोक लग्नाचे फोटो काढतात, म्हणून कौंटीच्या कारभाऱ्यांनी तिथं फलकाला जागा नाकारली. मिळाली ती मागच्या बाजूला, कचऱ्याच्या पेट्यांशेजारी. रेव्हरंड म्हणाले, "काहीच नसण्यापेक्षा बरं." व्हर्लीननं तेही गिळलं.

अडलं ते मजकुरावर. चर्चच्या तळघरातल्या बैठकीत प्रेंटिसनं वाचून दाखवलं, "अज्ञात व्यक्तींच्या हातून मृत्यू."

"अज्ञात?" व्हर्लीन उठली. "कुणाला अज्ञात?"

"व्हर्लीन, तू समजून घे. तेव्हाच्या पंचनाम्यात तेच शब्द आहेत."

तो तिच्याहून वीस वर्षांनी लहान. तरी तो तिला तू म्हणायचा आणि ती त्याला तुम्ही.

"प्रेंटिससाहेब, माझी आजी लुएला तुमच्या लोकांचे कपडे धुवायची. तोंडं झाकायचीसुद्धा गरज वाटली नव्हती त्यांना. सोमवारी गाठोडी आली, तर सदऱ्यांना मशालींच्या धुराचा वास. कुठला सदरा कुणाचा, तिला कॉलरवरून कळायचं. भाऊ पुरून आली होती ती. तरी धुतले, नीळ घातली, इस्त्री करून घरपोच दिले. मला एकेक नाव सांगून गेलीय. आणि तुम्ही म्हणता अज्ञात!"

"ताई, थोडं सबुरीनं," रेव्हरंड म्हणाले. "आधी फलक तर उभा राहू दे."

मतदान झालं. विरोधात एकटा तिचाच हात. आमच्या माणसांनी खाली बघत हात वर केले.

अनावरणाला बँड होता, टीव्हीवाले होते. प्रेंटिस बोलता बोलता रडला आणि लोकांचेही डोळे पाणावले. मग त्यानं व्हर्लीनला पुढे बोलावलं. "घराण्यातर्फे क्षमेचे दोन शब्द."

तिनं माइक धरला. "क्षमा मागितलीय कुणी? मी तर ऐकली नाही. मी नावं सांगते." शेरीफपासून सुरुवात केली. मग गिरणीवाला, मग दवाखान्यातला डॉक्टर. चौथं नाव घेतलं, "थॅडियस हॅरग्रेव्ह, दोर आणणारा," आणि माइक बंद पडला. ती ओरडून पुढची नावं घेत राहिली, पण तोवर बँड सुरू झाला होता.

संध्याकाळच्या बातम्यांत प्रेंटिसचे अश्रू दिसले. व्हर्लीनबद्दल एक ओळ: शोक अनावर झालेली एक नातेवाईक.

महिन्याभरात पार्लरचा भाडेकरार संपत होता, तो वाढवला गेला नाही. ती विचारायला गेली तेव्हा प्रेंटिसनं खुर्ची दिली, कॉफी दिली. "मनाला लावून घेऊ नकोस, व्हर्लीन. आजोबांनी मला अंगाखांद्यावर खेळवलंय गं."

"होझियालाही नातवंडं झाली असती, साहेब," ती म्हणाली आणि कॉफी तशीच ठेवून उठली.

आता ती स्वयंपाकघरात केस करते. गिऱ्हाईक निम्म्यावर आलंय, कारण गावातली बरीच घरंही हॅरग्रेव्हचीच. येणाऱ्यांतल्या काही जणी मागच्या दारानं येतात. परवा माझे केस सरळ करताना मी विचारलं, "बोलली नसतीस तर बरं झालं असतं, असं वाटतं का गं?"

गरम कंगवा माझ्या कानाजवळ थांबला.

"दुकान गेल्याचं वाईट वाटतं," ती म्हणाली. "खूप वाटतं. पण खरं सांगू? क्लॅरा, तुम्ही सगळ्या समोर बसल्या होतात. बँड वाजायला लागला, तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवत होतात."