मे महिन्यातला स्वेटर

चंद्रपूरच्या मे महिन्यात समोरच्या गच्चीवर लोकरीचा जाड स्वेटर उन्हात टाकलेला दिसला, की मी समजते, वैशालीला यंदाही नकार आला. वैशाली सरकारी दवाखान्यात नर्स आहे. आपल्यासारख्या देशांतल्या नोकरदारांना परदेशात पुढे शिकायला मिळणाऱ्या शिष्यवृत्तीसाठी ती दरवर्षी अर्ज करते. पहिल्या अर्जाच्या वेळीच तिच्या सासूबाईंनी तिकडच्या थंडीसाठी हा स्वेटर विणून ठेवला होता.

फी, विमान, राहणं-खाणं, सगळा खर्च शिष्यवृत्तीवालेच करतात म्हणे. वाट पाहणं तेवढं आपल्या खर्चाने. आणि ते काही स्वस्त नसतं. रोज ड्युटी करून, भाकरी थापून, मग इंग्रजीतला निबंध पुन्हा लिहायला बसायचं.

मी गच्चीवरून विचारलं, "नाही ना झालं?"

"नाही काकू. म्हणून तर ऊन दाखवतेय. कसर लागली तर पुढच्या वर्षी काय घालू?"

तिच्यामागे पाण्याच्या टाकीच्या सावलीत सासूबाई बसल्या होत्या. घाम पुसत त्यांनी मांडीवरची लोकर वर करून मला दाखवली.

"टोपी राहूनच गेली होती न बाप्पा!"