नाबरबाई आणि वाढतं हाड

नाबरबाईंना माणसांची नावं लक्षात राहत नसत, दात राहत. सिल्वासाच्या बाजारात हातात कोथिंबिरीची जुडी असली तरी समोरून एखादं पोर आलं, की त्या थबकत आणि त्याच्या तोंडाकडे बघत. माझी ज्योती अशीच त्यांच्या तावडीत सापडली. "आ कर गो बाय," त्या म्हणाल्या. आणि एरवी तोंडावर हात धरून बोलणाऱ्या माझ्या मुलीने भर बाजारात चक्क आ केला. "अंगठा चोखायचीस ना? सोमवारी दवाखान्यात, माझ्या दातांच्या ओपीडीत ये. बापालाही आण."

मी तेव्हा नरोलीला प्लॅस्टिकच्या बादल्या बनवणाऱ्या कारखान्यात फिटर होतो. धुळ्याहून आलेलो. आम्ही नवरा-बायको दोघंही कामावर, आणि लहानगी ज्योती भाड्याच्या खोलीत शेजारणीच्या भरवशावर अंगठा चोखत पडलेली असे. पुढचे दात बाहेर आले. वर्गातली पोरं 'दाताळी' म्हणून चिडवू लागली, तसं तिने धडा वाचायला उभं राहणंच सोडलं. माझ्या मनाने याचा सगळा दोष माझ्या नावावर केव्हाच लिहून टाकला होता. दवाखान्यात गेल्या गेल्या मी तेच सांगायला लागलो.

"भामरे," केसपेपरवरचं नाव वाचत बाई म्हणाल्या, "इथे तोंड मुलांनी उघडायचं. आईबापांनी मिटायचं."

"पण बाई, आधी सगळे दात येऊ द्यायला नकोत का?"

"मग लग्नात घेऊन या! अहो, हाड वाढतंय तोवर आपलं ऐकतं. वाढून झालं, की कोणाच्या बापाचं ऐकत नाही."

त्यांनी टाळूला बसणारी गुलाबी प्लेट करून दिली. तिच्या मधोमध बारीकसा स्क्रू होता. दर रविवारी तो चावीने पाव आटा फिरवायचा, म्हणजे चिंचोळा जबडा हळूहळू रुंदावतो आणि दातांना मागे सरकायला जागा होते. मी मनात म्हटलं, पाव आटा? आणि तोही आठवड्याला?

त्यात शाळेचं स्नेहसंमेलन जवळ आलं. गुरुजींनी ज्योतीला सूत्रसंचालन करायला सांगितलं. ती म्हणाली, "दात सरळ झाल्यावर करेन." बस, माझ्यातला फिटर जागा झाला. स्क्रूच तो! मी रोज पाव आटा देऊ लागलो. आठवडाही झाला नसेल, प्लेट टाळूला बसेना आणि हिरड्या लालबुंद झाल्या. बायको अहिराणीत कडाडली, "पोर भाकर खाई नही राह्यनी! तिनं तोंड तरी दखा!"

मी ज्योतीला घेऊन दवाखान्यात धावलो. सगळं सांगून मान खाली घालून उभा राहिलो. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे बादली गार व्हायच्या आत साचा उघडला तर?"

"माल वाकडा होतो."

"मग उघडता?"

"नाही बाई. सुपरवायझर फाडून खाईल."

"मग आजपासून ही तुमची सुपरवायझर." त्यांनी स्क्रू उलटा फिरवून प्लेट नीट बसवली आणि चावी ज्योतीच्या हातात दिली. "बापाने फिरवायचं, पण तू सांगशील तेव्हाच. आणि संमेलनाला दात लागत नाहीत गो, जीभ लागते. ती तुझी सरळच आहे."

पुढच्या रविवारपासून आमच्या खोलीत हवालदार आला. "पाव, बाबा! पाव म्हणजे पाव!" संमेलनात ती प्लेट घालूनच उभी राहिली. प्रत्येक 'स' सुस्कारा टाकत बाहेर पडत होता. पोरं हसली. ती थांबली, स्वतःही हसली आणि पुढे बोलत राहिली. मागच्या बाकावर नाबरबाई होत्या. मी डोळे पुसत होतो. त्या शेजारच्या गुरुजींच्या मुलाच्या जबड्याकडे बघत होत्या.

ज्योतीचे दात ओळीत यायला बराच काळ गेला. ते आले आणि बाईंची मुंबईला बदली झाली. निरोप घ्यायला गेलो, तर त्यांनी तिच्या हातात दुसरी, बिनस्क्रूची प्लेट ठेवली. "झोपताना घालायची. दात आठवणीचे फार पक्के असतात गो, संधी मिळाली की जुन्या घरी जातात."

मी घाबरलो. "बाई, तुम्ही नसताना लक्ष कोण ठेवणार? मी रोज विचारत जाईन."

"अजिबात नाही. तोंड तिचं आहे. तुम्ही विचारायचंच नाही."

फिटरच्या कामात मी लोखंड वाकवलं, पण हे न विचारणं मला सगळ्यात जड गेलं. रोज रात्री शब्द ओठांवर यायचा आणि मी तो पाण्याबरोबर गिळायचो. महिने असेच गेले. एक दिवस जेवताना ज्योतीनेच ताट सरकवलं. "बाबा, तुम्ही कधी विचारत कसे नाही हो?"

"काय विचारू?"

तिने दोन बोटांनी वरचा ओठ उचलला आणि सगळेच्या सगळे दात मला दाखवले. मग भाकरीचा मोठा तुकडा मोडून, भरल्या तोंडाने, शाळेत काय काय झालं ते सांगत बसली.