बाईंचे तेवीस श्वास

त्याला सगळे कात्री म्हणायचे, आणि उगीच म्हणायचे नाहीत. लोकांनी गायलेलं, बोललेलं, खोकलेलं कॉम्प्युटरवर घ्यायचं आणि त्यातलं नको ते कापून टाकायचं, हा त्याचा धंदा. घराच्या मागच्या खोलीत त्याने भिंतींना जाड गाद्या ठोकल्या होत्या, खिडकी बुजवली होती आणि एक माईक, दोन स्पीकर यांच्यासोबत स्वतःला कोंडून घेतलं होतं. वीस वर्षं हेच. शिंक काढ, अडखळणं काढ, ओठांची चटचट काढ. सवय अशी हाडीमाशी खिळलेली, की बायको जेवताना काही सांगायला लागली की हा म्हणायचा, "शेवटचं वाक्य सांग."

"शेवटचं वाक्य हे, की भाजी संपली," ती म्हणायची. "आधीची वाक्यं ऐकली असती तर मिळाली असती."

आणि श्वासाशी तर त्याचं सात जन्मांचं वैर. लिफ्टमध्ये 'दरवाजा उघडत आहे' म्हणणारी ती बाई आहे ना, ती आजवर एकदाही श्वास न घेता बोलते. ते कर्तृत्व याचंच.

तर अशा माणसाकडे एका सकाळी दहाला बाई आल्या. बाई म्हणजे त्याच्या शाळेतल्या गाण्याच्या बाई. चौतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या पोरांचे गळे घासूनपुसून लख्ख केले, पण त्यांचा स्वतःचा आवाज कुठे म्हणजे कुठेच साठवलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं: आवाज परत येईलही, नाहीही. दुपारी बारापर्यंत काय गायचं ते गाऊन घ्या. बारानंतर बोलणं नाही, गुणगुणणं नाही, कुजबुजणंसुद्धा नाही.

बाईंनी स्वतः बांधलेलं एकच गाणं तीनदा गायलं. पावणेबाराला तोंड मिटलं ते मिटलंच. त्यांची मुलगी, कात्री तिला ताई म्हणायचा, निघताना म्हणाली, "चारला आम्ही दोघी येतो. उद्या आत जायच्या आधी तिला एकदा कान भरून ऐकायचंय. नीट कर रे."

"ताई, लोण्यासारखं करतो."

आणि केलं. दोन वाजेपर्यंत तिन्ही वेळच्या गाण्यातल्या सगळ्यात चांगल्या ओळी निवडल्या, जोडल्या, आणि हात आपोआप गेला तिथेच गेला: ठरावीक आवाजाखालचं सगळं काप. कापलं. उरलेल्याची नवी फाइल केली. मग दुसरी सवय. काम झालं की कचरा लगेच काढायचा. 'न वापरलेल्या फाइली कायमच्या काढू का?' कॉम्प्युटरने जावयाला विचारावं तसं अदबीने विचारलं. याने माशी मारावी तसं 'हो' दाबलं.

बायको चहा घेऊन आली. दाराशीच उभं राहून तिने गाणं ऐकलं. दुसऱ्या कडव्याला तिचा हात गळ्याशी गेला.

"अहो, बाई श्वास कुठे घेतात?"

"काढले."

"काढले म्हणजे? मलाच गुदमरायला झालं की! कुणीतरी उशी दाबून धरल्यासारखं वाटतंय. घाला बघू परत."

"घालतो," असं म्हणत त्याने मूळ फाइली उघडायला घेतल्या, तर त्या जागेवर नव्हत्याच. मूळ फाइली म्हणजे तोच तो कचरा. माशी मारून झाली होती.

त्याने गाणं पुन्हा लावलं. खरंच की. आवाज बाईंचा, सूर बाईंचे, पण आत माणूस नाही. लिफ्टमधली बाई गायला लागली होती. उद्यानंतर जगात बाईंचा एवढाच आवाज उरणार होता, आणि त्याचा जीव याने स्वतःच्या हाताने काढून फेकला होता.

सव्वादोन. चहावर साय धरली. पुन्हा गा म्हणावं तर डॉक्टरांचं कुलूप. फेकलेलं परत आणायचे सगळे उपाय करून पाहिले, कॉम्प्युटर ढिम्म. बायको मागे उभी होती. आता एक तरी टोमणा येईल म्हणून त्याने मान आत ओढली, पण ती काही बोललीच नाही. तेव्हा मात्र त्याला दरदरून घाम फुटला.

तीनच्या सुमाराला एक फाइल सापडली, दुसऱ्याच फोल्डरमध्ये पडलेली म्हणून वाचलेली. सकाळी आवाज किती मोठा येतो हे तपासायला त्याने माईक आधीच सुरू केला होता. अकरा मिनिटं. त्यात गाणं नव्हतंच, बाई त्याला झापत होत्या. "गाढवा, पाचवीत शब्दाच्या पोटात श्वास घ्यायचास, अजून तसाच बोलतोस! आणि ही वायर अशी आडवी? पडले असते म्हणजे?" पण प्रत्येक शिवीआधी बाई श्वास घेत होत्या!

त्याने एकेक श्वास उचलला. लहान ओळीआधी लहान, लांब तानेआधी मोठा. शेवटचा बसला तेव्हा चारला तीन मिनिटं होती. आणि बेल वाजली.

बाई खुर्चीत बसल्या. मांडीवर वही, हातात पेन्सिल. ताई बाजूला. बायको कधी नव्हे ती आत येऊन भिंतीला टेकली. त्याने गाणं लावलं आणि पडद्याकडे बघत राहिला. बाईंकडे बघायची छाती नव्हती.

पहिलं कडवं गेलं. बाईंनी मान हलवली. त्याचा खांदा जरासा सैल होतोय तोच पेन्सिल वहीवर टकटक वाजली. थांब.

बाईंनी लिहिलं. ताईने वाचलं, "आई म्हणते, हा श्वास माझाच आहे, पण या गाण्यातला नाही." तिने भुवई उचलून पुढचं वाचलं. "हा रागातला आहे. हा मी वायरीवरून ओरडताना घेतला होता."

खोटं बोलावं असं त्याच्या मनात आलं. जिभेपर्यंत आलं. पण बाई बघत होत्या, बाकावर उभं करताना बघायच्या तशाच.

"बाई, मी कापले," तो म्हणाला. "तुमचे सगळे श्वास. सवयीने. आणि मूळ गाणं पुसून टाकलं. परत येत नाही."

ताई उठलीच. "पुसलं? अरे, उद्या तिचा..."

बाई लिहीत होत्या. बराच वेळ. पेन्सिलीचा आवाज तेवढा येत होता. त्याला वाटलं, आता वही बंद होणार आणि बाई दाराकडे वळणार. वही त्याच्याच पुढे आली.

'गाढवा. श्वास हवे होते तर मागायचे. श्वासाला आवाज लागत नाही. माईक लाव.'

त्याने माईक पुढे ओढला.

"आई, डॉक्टर," ताई म्हणाली.

बाईंनी वही ओढून घेतली. 'डॉक्टरांनी बोलू नको सांगितलंय. श्वास घेऊ नको असं नाही.'

बायको फसकन हसली आणि लगेच तोंडावर पदर धरला. मग जाऊन तिने स्वयंपाकघरातला पंखा बंद केला, फ्रिजचा प्लग काढला, आणि दाराबाहेर राखण करत बसली.

बाई माईकसमोर उभ्या राहिल्या. कानांवर हेडफोन, एक हात पोटावर. त्यांचंच गाणं त्यांच्या कानात सुरू झालं. ओठ मिटलेले. पहिल्या ओळीआधी बोट वर गेलं, तोंड किंचित उघडलं आणि श्वास आत गेला. पडद्यावर एक बारीकशी रेघ उठली. एरवी हिच्यावरच त्याची कात्री चालायची. आज त्याने दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले. एक ओळ, एक बोट, एक श्वास. तिसऱ्या कडव्यात तानेआधीचा श्वास बाईंनी असा भरला, की ताईनेही नकळत छाती भरून घेतली. सगळे मिळून तेवीस.

गाणं संपलं, शेवटचा सूर विरला. बाईंनी साठवलेला दम हळूच सोडला. ओळ नाही, शब्द नाही, नुसताच.

त्याने सगळे श्वास जागेवर बसवले आणि सुरुवातीपासून लावलं. ताई भिंतीकडे तोंड करून ऐकत होती. शेवटी तो सुटलेला दम आला तेव्हा त्याने सवयीने विचारलं, "बाई, हा शेवटचा काढू?"

विचारलं आणि जीभ चावली.

बाईंनी वहीत लिहिलं, कागद फाडला आणि जाताना त्याच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर, बरोबर मध्यभागी, थुंकी लावून चिकटवला.

'हात लावून बघ.'